कबरीवरच्या गुलाबाचा गुलकंद

मुलांनो, दिवाळीत तुम्ही धुळ्याला याल तेव्हा घरातले सांगतील की आजीने कबरीवरचं झाड दारात लावलं. त्याआधी माझ्याकडून ऐका.

इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत, वेड्या बाभळींच्या गर्दीत, एका कबरीवर फाल्गुनात मला गुलाब फुललेला दिसला. वास कुंपणापर्यंत येत होता. माझ्या माहेरी, जळगावजवळ असोद्याला, आईच्या विहिरीपाशी असाच गुलाब होता; केळीला ठिबकच्या नळ्या टाकताना तो गेला. हा तोच का, हे मला ठरवायचं होतं. घाई होती, कारण तिथे सफाईला जेसीबी येणार होता.

राखणदार नानांना म्हटलं, एवढं झाड सोडा. ते म्हणाले, "अक्का, काटाच शे तो. बठ्ठं साफ व्हई." म्हणजे सगळंच जाणार.

मी फुलं आणि चार फांद्या कापून आणल्या. घरी येऊन अंघोळ केली, ती घामामुळे.

इंग्रजी पुस्तकं काढली. लहानमोठे मिसळलेले काटे, मऊ पानं, गच्च पाकळ्या. पुस्तकांनी दोन नावं सुचवली आणि मला तिथेच सोडलं. मग आईची कसोटी लावली. पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर बरणीत भरून उन्हात ठेवले. बाजारच्या गुलाबाची पाकळी चामट राहते, गुलकंदाच्या गुलाबाची विरघळते. ही विरघळली.

धाकट्या जाऊबाई बरणीला हात लावेनात. "ताई, हे खाल्लंत तर रात्री गोरा साहेब उशाशी येईल."

"येऊ दे. झाडाचं नाव त्यालाच विचारते."

त्यांच्यासमोरच चमचाभर खाल्ला. असोद्याचीच चव. पुस्तकातलं नाव अजून ठरलेलं नाही, पण झाड मी ओळखलं. असलं फूल देवाला चालत नाही, असंही घरात ठरलं. मी वाहते.

वैशाखात जेसीबीने बाभळींबरोबर तो गुलाबही उपटला. पण माठाच्या सावलीत खोचलेल्या फांद्यांपैकी दोन फुटल्या होत्या. श्रावणात त्यातली एक घेऊन मी परत गेले आणि त्याच कबरीच्या पायथ्याशी लावली. कोणाला विचारलं नाही. नाना फाटकातून बघत होते.

"परत काटा का, अक्का?"

"परत," मी म्हटलं, आणि पाणी घातलं.

आज एक झाड आपल्या दारात आहे आणि एक त्या कबरीपाशी. दोन्ही जगली आहेत.