कागदावर परत आलेली मुलगी

"बाही वर कर," मॅडम म्हणाल्या.

माईक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं.

दादरचा हॉल. समोर शंभरेक बायका. पहिल्या रांगेत सरकारी खात्याचे साहेब, त्यांच्या बाजूला दोन अधिकारी बायका. मी वहिनीची साडी नेसून स्टेजवर उभी. ब्लाउजही तिचाच, लांब बाह्यांचा. मुद्दाम मागून घेतला होता. नवऱ्याने मारलं, घराबाहेर काढलं, मुलगी ठेवून घेतली, एवढं मी माईकवर सांगितलं होतं. मला वाटलं, झालं. आता खाली बसायचं.

"अगं, वर कर ना. साहेबांना दिसायला नको?"

स्टेजवर त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत होत्या. फुलं देणाऱ्या कॉलेजच्या पोरीलासुद्धा. फक्त मला 'तू'.

मी बाही वर केली.

कालथ्याचे तीन डाग आहेत. कोपराच्या वर. साहेबांनी मान हलवली. एक बाई "अगं बाई गं" म्हणाली. मग टाळ्या वाजल्या. कशाला वाजल्या ते मला आजही कळलेलं नाही.

नंतर साहेबांच्या हातून मला एक पिशवी मिळाली. आत टॉवेल आणि स्टीलचा डबा. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा."

मी हसले.

त्या हसण्याचं पुढे काय झालं ते सांगते. पण आधी डागांचं सांगायला हवं.

लग्न होऊन मी चिंचपोकळीच्या चाळीत आले. नवरा, सासू, लग्न न झालेली नणंद, आणि नंतर माझी सई. मी लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायला जायचे. दिवसभर मिरची हाताळून बोटं अशी पेटायची की सईच्या तोंडाला हात लावायची भीती वाटायची. तिला मी मनगटाने कुरवाळायचे. तिला वाटायचं, सगळ्या आया तशाच कुरवाळतात.

नवरा मारायचा. चाळीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. एका सकाळी माझ्या भावाचा फोन आला. तो काहीतरी बोलला आणि मी हसले. पोळ्या चालल्या होत्या. नवऱ्याने विचारलं, "कुणाशी हसतेस?" मी सांगितलं, दादा आहे. त्याने फोन बघितलासुद्धा नाही. गॅसवरचा कालथा उचलला. एकदा. परत. परत.

सई दारात उभी होती. पाच वर्षांची.

मी पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, घरचं आहे, घरात मिटवा. हॉस्पिटलात मलम लावून परत आले तर खोलीला आतून कडी. नणंद आतून ओरडली, "ज्याच्याशी हसत होतीस त्याच्याकडे जा." सई आत रडत होती. मी कडी वाजवत राहिले. शेजारच्या आजींनी पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

मी परळला दादाकडे गेले. एक खोली, वर पोटमाळा. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं. मी पोटमाळ्यावर. वहिनी वाईट नाही. पण रोज भाजी वाढताना ती एकदा माझ्या ताटाकडे बघायची. तेवढं पुरतं.

कुणीतरी दादरच्या केंद्राचं नाव सांगितलं. मार खाल्लेल्या बायकांना तिथे वकील मिळतो. पैसे पडत नाहीत, सरकारचं अनुदान आहे. मी गेले. ह्याच मॅडमनी फॉर्म भरून घेतला. तीन-चार कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. म्हणाल्या, "पुढे लागतील. सारखं कुठे बोलवायचं तुला." मी केल्या. माझं अक्षर चांगलं आहे, दहावीपर्यंत शिकले आहे. पण त्या दिवशी सही म्हणजे उपकाराची पावती वाटत होती.

वकील मात्र खरी भेटली. तरुण मुलगी. तिला सगळ्या वकीलताई म्हणायच्या. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, डाग स्वतःहून बघायला मागितले नाहीत, डॉक्टरचा कागद मागितला. कोर्टात अर्ज टाकला. सई माझ्याकडे द्या, आणि निकाल लागेपर्यंत निदान आठवड्यातून एकदा भेटू द्या, असा. पहिल्या तारखेला ती माझ्या बाजूला उभी होती. तिचा काळा कोट जुना होता, कोपराशी विरलेला. मला तो केवढा मोठा आडोसा वाटला.

चौथ्या तारखेआधी ती मला केंद्राच्या जिन्यावर भेटली. हातात फायली नव्हत्या.

"ताई, मी सोडतेय. अनुदान अडकलंय. सहा महिने झाले, मला काही मिळालेलं नाही. मलाही घर आहे."

"मग माझं?"

"नवीन वकील देतील म्हणाल्यात मॅडम."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग आला नाही. राग कुणावर करायचा? तिलाही जिना उतरायचाच होता.

नवीन वकील आला नाही. मी एकटी तारखेला जायचे. सकाळी दहापासून बाकावर. नाव पुकारलं की आत. "वकील कुठे आहेत?" "येणार आहेत, साहेब." पुढची तारीख. दुकानातला दिवस बुडायचा. मालक काही बोलायचा नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मला सर्वांत तिखट मिरचीच्या पोत्यापाशी बसवायचा.

मधल्या सुट्टीत मी सईच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहायचे. पहिले काही महिने ती मला बघून धावत यायची. मग शिपाई आड यायला लागला. नणंदेने शाळेत काय सांगितलं होतं कोण जाणे. मग एके दिवशी शाळा सुटताना सई बाहेर आली, मला बघितलं, आणि आधी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. येऊ का, असं विचारल्यासारखं. आत्याने नाही म्हटलं. सई माझ्यासमोरून गेली. मान खाली. माझी मुलगी. मी हाकसुद्धा मारली नाही. माझ्या हाकेमुळे घरी तिला काय ऐकावं लागेल, हे मला माहीत होतं.

त्याच दिवसांत मॅडमचा फोन आला. "साहेब येतायत केंद्र बघायला. बायका बोलल्या तर अनुदान सुटेल. अनुदान सुटलं की तुझा वकील." म्हणून मी दादरच्या त्या हॉलमध्ये गेले होते. वकिलासाठी. म्हणून बाही वर केली. म्हणून हसले.

महिन्याभरात केंद्राबाहेर मोठा फ्लेक्स लागला. माझा फोटो. मॅडम म्हणाल्या होत्या, चेहरा दिसणार नाही. डोळ्यांवर एक काळी पट्टी मारली होती, बोटभर. लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत सगळ्यांनी ओळखलं. गावाहून बाबांचा फोन आला. "बाय, तुझो फोटो गावात इलो हा. हात उघडो करून... ह्यां काय केलंस गो?" फोन तसाच चालू राहिला. मागे आईचा खोकला ऐकू येत होता.

पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलाने पिशवी घेतानाचा फोटो कोर्टात पुढे केला. हसतानाचा.

"साहेब, ही बाई बघा. कार्यक्रमांना जाते, सत्कार घेते, हसते. आणि म्हणे पीडित. लहान मुलीला घेऊन ही कुठे कुठे फिरणार?"

मी म्हणाले, "हसायला सांगितलं होतं."

"तुमचे वकील कुठे आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. जुन्या ओळखीने. कालथा उचलण्याआधी बघायचा तसा.

त्या दिवशी आठवड्याच्या भेटीचा अर्ज फेटाळला नाही. मंजूरही केला नाही. वकील घेऊन या म्हणाले. मी बाहेर बाकावर येऊन बसले. उठताच येईना. एका पोलीसबाईने येऊन सांगितलं, "मावशी, कोर्ट उठलं." मी बत्तीस वर्षांची आहे.

अनुदान आलं होतं, हे मला नंतर कळलं. केंद्राला रंग लागला. नवीन खुर्च्या आल्या. मी वकिलाचं विचारलं की मॅडम म्हणायच्या, "बघतोय गं. फुकट मिळतंय तर थोडी कळ काढ."

वर्षाने साहेब परत येणार होते. मॅडमनी मला आदल्या दिवशी बोलावलं. चहा दिला, यावेळी कागदी पेल्यात नाही, कपात. एक छापील पान हातात ठेवलं. "गेल्या वर्षीचा अहवाल आहे. तुझं पान. एवढं पाठ कर, जास्त काही बोलू नकोस."

मी वाचलं. वर माझा केस नंबर होता. खाली माझी गोष्ट. नवऱ्याचा छळ. केंद्राकडे धाव. प्रत्येक तारखेला केंद्राचे वकील हजर. आणि शेवटी : 'न्यायालयाच्या आदेशाने मुलगी आईच्या ताब्यात. आज मायलेकी सुखाने राहत आहेत. प्रकरण यशस्वी.' खाली माझी सही. माझ्याच चांगल्या अक्षरातली.

मी ते परत वाचलं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. सई आली आहे आणि मलाच कळलेलं नाही.

"मॅडम, सई माझ्याकडे नाही."

"अगं येईलच ना आज ना उद्या. अहवालात असंच लिहायचं असतं. केस पूर्ण दाखवली नाही तर पुढचं अनुदान नाही मिळत."

"पण ती नाहीये."

"तू कशाला शब्दात अडकतेस?"

मी पान घडी करून पर्समध्ये टाकलं. पोटमाळ्यावर पडून विचार केला. हे पैसे केंद्राचे नाहीत. मॅडमचे नाहीत. ते माझ्या नावावर आले होते. माझ्या डागांवर, सईच्या नावावर. मला फुकट काही मिळत नव्हतं. मीच देत होते. आणि कागदावर माझी मुलगी परत आलेली असेल, तर खरी मुलगी परत आणायला कुणी कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी तोच हॉल, तेच साहेब. मॅडमनी माईक दिला. "सांग. आणि हात दाखव."

मी बाही खाली ओढली. अहवालाचं पान काढलं.

"साहेब, ह्यात लिहिलंय माझी मुलगी माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे नाही. ह्यात लिहिलंय वकील हजर. वर्षभर एकही वकील आलेला नाही. सही माझी आहे. पण कोऱ्या कागदावर घेतलेली. हे लिहून घ्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी माईक काढून घेतला. "मानसिक धक्क्यात असतात ह्या बायका," त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. "नोंद घेतो," म्हणाले. मग चहा आला.

खरं बोललं की काही बदलतं, असं मला वाटलं होतं. थोड्याच दिवसांत केंद्राचं शटर खाली आलं. चौकशी लागली, अनुदान थांबलं. चौकशीतून काय निघालं, कुणी सांगत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात वरळीची एक बाई भेटली, केंद्रातलीच. तिचा वकील खरंच येत होता. ती माझ्या अंगावर धावून आली. "तुला तोंड उघडायची काय गरज होती? माझी उद्या तारीख आहे!" ती खोटं बोलत नव्हती. मीही बोलले नव्हते. आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसून रडलो.

त्याच व्हरांड्यात एका कारकुनाने सांगितलं, बाईमाणसाला कोर्टातूनच मोफत वकील मागता येतो, तो हक्क आहे, खालच्या मजल्यावर अर्ज द्या. दोन वर्षं मी त्या मजल्यावरून ये-जा करत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मी वरळीच्या बाईला हात धरून उठवलं. ती आली, पण माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही.

अर्ज दिला आहे. वकील मिळेल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत. सई आता सातची झाली. मागच्या आठवड्यात तिने मला फाटकाशी बघितलं आणि मैत्रिणीला काहीतरी सांगून आत निघून गेली. ती माझ्याकडे येईल का, मला माहीत नाही. आली तर मला बघून ओळखीचं हसेल का, तेही माहीत नाही.

पण आता वाचल्याशिवाय मी सही करणार नाही. माझ्या नावावर कुणी काय लिहिलं, ते दरवेळी मागून घेणार. खात्याला तीन पत्रं टाकली आहेत, ते पान जोडून. उत्तर नाही. चौथं लिहिते आहे. पुढच्या तारखेला 'वकील कुठे' असं विचारलं तर 'येणार आहेत' असं खोटं मी सांगणार नाही. वकील दिलेला नाही, हे लिहून घ्या म्हणणार. आणि ते लिहून होईपर्यंत तिथून हलणार नाही.