म्हशीच्या पिंपात आईची आंघोळ

नाताळाच्या आदल्या दिवशी आमच्या कल्याणच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी दिल्या. माझ्या वाट्याला एक गोळा आला. संत्र्याएवढा, हिरवा-पांढरा, वर लाल चांदणी. टबातल्या गरम पाण्यात सोडला की तो फसफसून विरघळतो, मग त्या सुगंधी पाण्यात अर्धा तास निवांत बसायचं, असं वेष्टनावर लिहिलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सहज विचारलं, "तुझ्याकडे टब आहे का गं?"

"बघू," मी म्हणाले.

गावी जायला टोकावड्याच्या एसटीत तो गोळा मांडीवर घेऊन बसले आणि मुरबाड यायच्या आत माझं ठरलं. ही आंघोळ आईची.

अकरावीपासून पदवीपर्यंत मी मुरबाडला शिकले. पहिली गाडी पकडायची म्हणून आई माझ्याआधी उठून चूल पेटवायची. मी डोळे चोळत परसात जायचे तेव्हा कढत पाण्याचा हंडा तयार असायचा. एक दिवसही चुकला नाही. घरातली पहिली पदवी मला मिळाली, त्यात त्या हंड्यांचा वाटा फार मोठा आहे. ती स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं कोमट पाणी चार तांबे अंगावर ओतून मोकळी होते. दिवाळीतही सगळ्यांना उटणं तीच लावते. तिच्या पाठीला लावण्याइतकं वाटीत उरलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गोठ्यात म्हशीच्या पाण्यासाठी अर्धं कापलेलं निळं पिंप आहे. ते मी राख आणि काथ्याने तीनदा घासलं, उन्हात वाळवलं. बाबा बघत उभे होते.

"म्हशीनं काय करायचं आता?"

"तिला आजच्या दिवस बादली."

"आणि तुझ्या आईला पिंप. बरा न्याय हाय."

आई आतून म्हणाली, "मी नाय बसायची. लोकं हसतील."

"परसात कोण येतंय?" मी म्हणाले आणि दोरीवर दोन जुनी लुगडी आडवी टाकली. चुलीवर दोन हंडे चढवले.

पाणी तापल्यावर गोळा आणायला आत गेले, तर फडताळात तो नव्हता. आई देव्हाऱ्यापुढे बसली होती. आमच्याकडे नवी वस्तू तशीच वापरत नाहीत. मिक्सर आला तेव्हा, बाबांची गाडी आली तेव्हा, आधी हळद-कुंकू, फूल आणि चार थेंब पाणी. तिने गोळा ताम्हनात ठेवून हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवला होता आणि नुकतंच पाणी शिंपडलं होतं. भरपूर.

ताम्हनात हिरवा फेस चढत होता. आई हात जोडलेल्या अवस्थेतच मागे सरकली.

"गो बाय, हा तर उकळाय लागला."

मी गोळा उचलून कोरड्या पंच्यात दाबून धरला. फसफस थांबेपर्यंत जेमतेम अर्धा उरला. आईचा चेहरा उतरला.

"तुझी वस्तू घालवली मी. ऱ्हायलेला तूच घे. माझं काय, माझी नेहमीसारखी होईल."

तिला सुटायला वाट मिळाली होती. मला ती द्यायची नव्हती.

"आई, हा भिजलाय. आता ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याचा भुगा होईल. आत्ता बसली नाहीस तर वाया जाईल."

आमच्या घरात कशालाही नाही म्हणता येतं, पण काही वाया घालवता येत नाही. शिळा भात वाळवून ठेवणारी बाई ती. तिने एकदा पंच्याकडे बघितलं आणि पदर खोचून उठली.

अंगावरच्या लुगड्यानिशी, गुडघे हनुवटीला लावून ती पिंपात बसली. अर्धा गोळा सोडला. पाणी फिकट हिरवं झालं, वर कुंकवाचे कण तरंगू लागले. दिवाळीच्या आधीच मी तिच्यासाठी उटण्याची एक पुडी लपवून ठेवली होती आणि ऐन वेळी द्यायला विसरले होते. तीच भिजवून तिच्या पाठीला लावली. मग पाय घासायला घेतले. भातलावणीच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. ती पाय मागे ओढत होती, मी सोडत नव्हते.

"कसं वाटतंय?"

"वास लादी पुसायच्या औषधासारखा हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "पन ऊब बरी हाय."

तेवढ्यात पुढच्या अंगणातून बाबांची हाक आली. "आज चहा नाय का?"

मी उठायला लागले, तर ओल्या हाताने तिने माझं मनगट धरलं. मान वर करून तीच ओरडली, "तुमीच ठेवा. मी पान्यात हाय."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला.

आईने डोळे मिटले. पाणी निवत आलं होतं. मी चुलीवरचा दुसरा हंडा उतरवायला गेले.