सरांच्या मशीनवरच्या तीन फायली

माझा राग लवकर जात नाही, आणि तो जावा म्हणून मी खटपटही करत नाही. हे आधीच सांगून टाकते.

शहरात, द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीत पहिली नोकरी लागली, तेव्हा सायखेड्याहून निघताना वडील एवढंच म्हणाले, "सहा महिने बघ. कायम नाय केलं तर घरी ये. झेंडू हाय आपला." मायेनंच म्हणाले. पण घरी परत जायचं म्हणजे वर्षाच्या आत लग्न, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कंपनी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवायची. ते माझ्या लिनक्स मशीनवर कंपाइल करून, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधून दाखवायचं, हे माझं पहिलं काम. कमांड दिली की लगेच उत्तर: अमुक हेडर फाइल सापडत नाही. ती फाइल ज्या लायब्ररीतली, म्हणजे आयत्या कोडच्या गठ्ठ्यातली, ती लायब्ररी तर मशीनवर दिसत होती. मी सिनियर सरांकडे गेले. त्यांनी खुर्चीसुद्धा वळवली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एरर वाचता येत नसेल तर घरी जाऊन झेंडू तोड." सगळे हसले. वडिलांची फुलशेती आहे, हे पहिल्या दिवशी ओळख करून देताना मीच कौतुकानं सांगितलं होतं.

मग मी वाचायलाच बसले. लायब्ररी नुसती चालवायला एक पॅकेज लागतं आणि तिच्यावर आपला प्रोग्रॅम बांधायला दुसरं, नावाच्या शेवटी 'डेव्ह' लावलेलं. हेडर फायली त्या दुसऱ्यात असतात. सरांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं, मला दोन दिवस लागले. एक फाइल आणली की पुढची गायब. ती आणली की सगळे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसायचा, त्याला लायब्ररी सापडायची नाही. सुटलेल्या प्रत्येक अडचणीपुढे पॅकेजचं नाव मी वहीत उतरवत गेले. शेवटी तीन हेडर फायली उरल्या. त्या कुठल्याच पॅकेजात नव्हत्या, इंटरनेटवरही नव्हत्या. अकरा दिवस गेले. मालकांनी चौकशी केली तेव्हा सर माझ्यासमोर म्हणाले, "हिला जमेल असं वाटत नाही."

एकदा सर जेवायला गेले आणि मशीन लॉक करायचं विसरले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि कंपायलरला विचारलं, कुठली फाइल कुठून उचलतोस ते दाखव. तिन्ही फायली तिथेच होत्या, एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये, सरांनी स्वतः लिहिलेल्या. कंपनीच्या कोडमध्ये त्यांनी त्या कधी टाकल्याच नव्हत्या. त्यामुळे नव्या मशीनवर काम सुरू करायचं तर प्रत्येकाला त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागायचं. विसरले असतील, असं कोणी म्हणालं तर मी आजही ऐकून घेत नाही.

त्या फायली मी उचलल्या आणि वहीवरून एक स्क्रिप्ट लिहिली. ती मशीन तपासायची, काय नाही ते सांगायची, कुठलं पॅकेज टाकायचं तेही सांगायची. न सापडलेल्या प्रत्येक फाइलखाली एक ओळ छापायची. मालकांना ती ओळ गमतीची वाटली. सगळं कंपनीच्या कोडमध्ये गेलं आणि सरांच्या टेबलापाशी कोणी फिरकेनासं झालं. सहा महिन्यांनी मला कायम केलं. सर माझ्याशी बोलायचे बंद झाले, आणि माझ्या जिवाला गार वाटलं.

सरांना माझी स्क्रिप्ट कधी लागलीच नव्हती. दसऱ्याच्या आधी त्यांची डिस्क गेली आणि नवं मशीन आलं. सकाळभर ते आठवून आठवून कमांड देत होते. पडद्यावर लाल ओळी येत होत्या, त्या मी माझ्या जागेवरून मोजत होते. दुपारी त्यांनी गुपचूप स्क्रिप्ट चालवली. नऊ फायली नव्हत्या. नऊ वेळा आलं: एरर वाचता येत नसेल तर घरी जाऊन झेंडू तोड.

"हे कोणी लिहिलंय?" सर ओरडले.

"तुम्हीच, सर. मी फक्त टाइप केलं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, पण खांदे हलत होते.

खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी मी सायखेड्याला गेले, सकाळी वडिलांच्या बरोबरीनं झेंडू तोडला आणि टोपलीभर हार घेऊन आले. सगळ्यात जाड हार सरांच्या नव्या मॉनिटरला घातला.

"घरी जाऊन तोडून आणलाय, सर."

सगळे बघत होते, म्हणून त्यांना हात जोडावे लागले.