डाव्या हाताचा लोखंडी हातमोजा

या सदरातले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतोय, आणि खरं सांगायचं तर आजवर फक्त गंमत म्हणून. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. लहानपणी घरात कुणी भुताचा विषय काढला की वडीलच म्हणायचे, "पोतं उचलायला भूत येत नाही रे, माणूसच लागतो." ते धान्याच्या मंडीत हमाल होते. बऱ्हाणपूरजवळच्या शहापूरला मराठी शाळेत शिकून मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो. आता इंदूरला, राऊमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. काही बिघडलं की त्याचं कारण शोधायचं, हेच माझं काम... म्हणून इथेही जसं घडलं तसंच, क्रमानं लिहितो.

नितीन भिया (इंदूरकडे दादाला भिया म्हणतात) माझे सीनिअर. इंटरव्ह्यूच्या आधी पंधरा दिवस रोज त्यांनी मला समोर बसवून इंग्रजी बोलायला लावलं. त्यांचा जुना लॅपटॉप मला दिला आणि पुन्हा कधी विषयही काढला नाही. मी आज जो काही आहे त्यात आई-वडिलांनंतर त्यांचा हात आहे. पुढची हकीकत त्यांच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आहे, म्हणून हे आधीच सांगितलं.

भियांना एका ॲक्शन रोल-प्लेइंग गेमचं वेड. नाव देत नाही, उगाच वाद नको. राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडलेल्या वस्तू उचलायच्या, लेव्हल वाढवायची— असा खेळ. मागच्या हिवाळ्यात त्याचं एक्स्पान्शन आलं. नवा प्रदेश, नवे शत्रू, आणि सगळ्यांना शून्यापासून सुरुवात. भियांनी ठरवलं— रविवारी सकाळी त्यांच्या घरी बसायचं, दोघांनी मिळून खेळायचं, संध्याकाळपर्यंत मुख्य कहाणी संपवायची. तेही हार्डकोअर मोडमध्ये! म्हणजे पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं. सगळा खेळ ते त्यांच्या चॅनलसाठी रेकॉर्ड करणार होते.

"सुन संतोष," हेडफोन लावता लावता ते म्हणाले, "पहिल्या दिवशी लोक मागे का पडतात माहीत आहे? मारण्यात नाही, उचलण्यात टाइम घालवतात. सगळे पॉइंट एकाच स्किलमध्ये टाक. दर चार-पाच लेव्हलला हत्यार बदल, चिलखताचं नंतर बघू. बुटांवर वेग लिहिलेला दिसला की डोळे मिटून घाल. साइड क्वेस्ट फक्त तेच, जे स्किल पॉइंट देतात. सुट्या राक्षसांच्या मागे धावू नको, सगळे गोळा कर आणि एकदम काप. आणि सफेद अक्षरात नाव असलेली वस्तू दिसली तर— हातच लावायचा नाही!"

"पण भिया, दुकानात विकता येते ना?"

"अबे, तू राक्षस मारायला आलायस का भंगार गोळा करायला?"

काकू, म्हणजे त्यांच्या आई, चहा ठेवत म्हणाल्या, "त्याला कशाला बोलतोस रे? त्याला वस्तू टाकवत नाही. तुझ्यासारखं नाही, जिथे बसलास तिथेच मोजे टाकलेस!"

काकूंचं बरोबर होतं. मंडीत पोती उचलून झाली की जमिनीवर सांडलेले दाणे हमालांच्या बायका झाडून घेतात. माझी आई ते घरी आणून चाळायची, निवडायची. त्या दाण्यांवर मी वाढलो. खाली पडलेली वस्तू ओलांडून पुढे जाणं मला आजही जमत नाही. गेममध्ये सफेद म्हणजे सर्वात साधी, बिनकामाची वस्तू. पण माझी पिशवी तिनेच भरलेली.

दुपारपर्यंत मस्त चाललं होतं. भिया कुऱ्हाडवाले, मी मागून बाण मारणारा. कुऱ्हाड फिरली की चार-पाच मुंडकी एकदम उडायची, भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या. एका दलदलीत तर एवढी प्रेतं पडली की खालची जमीन दिसेना. काकू जाता-येता म्हणायच्या, "जेवताना तरी बंद करा रे ते." भियांचे नियम पाळल्यामुळे आम्ही खरंच भराभर पुढे जात होतो, ओळखीच्या सगळ्यांच्या पुढे होतो.

मग एक उजाड बाजारपेठ लागली. पडकी दुकानं, फाटलेली पोती. पंचवीस-तीस राक्षस अंगावर आले, भियांनी त्यांना एका गल्लीत कोंडून कापायला सुरुवात केली. आतडी, हात, तुटलेले जबडे... सगळा चिखल. तेवढ्यात माझ्या डावीकडे जमिनीवर सफेद अक्षरं चमकली— लोखंडी हातमोजा, डाव्या हाताचा.

मी थांबलो. या गेममध्ये हातमोजे जोडीनंच मिळतात. एका हाताचा मी कधी पाहिला नव्हता.

"संतोष, उठा मत! इधर आ!" हेडफोनमध्ये भिया ओरडले, उचलू नको म्हणून.

मी उचलला. पिशवीत टाकला, टिकाऊपणा बारापैकी बारा. एवढाच वेळ गेला. मान वर केली तर भियांच्या पाठीमागे एक जण उभा. वाकलेला, डोक्यावर पोत्याची खोळ. शत्रूच्या डोक्यावर लाल नाव असतं, याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. हातात हमालाचा, पोती ओढायचा आकडा. मी आकडा ओळखणार नाही तर कोण ओळखणार! लाकडी मूठ, मुठीला सुतळी गुंडाळलेली, पुढे वाकलेलं टोक. माझ्या वडिलांच्या खांद्याला तोच लटकायचा. त्यानं तो वर नेला आणि भियांच्या पात्राच्या मानेत, डाव्या बाजूनं, मागून घातला. ओढला. गळ्याकडून टोक बाहेर आलं, रक्ताचा फवारा उडाला, पात्र गुडघ्यावर आलं आणि पडलं. स्क्रीन काळी.

भिया हेडफोन काढून म्हणाले, "एक सफेद मोज्यासाठी मेलो यार मी."

मला एवढी लाज वाटली की सांगता येत नाही. गेमच होता, पण त्यांनी हाक मारली होती आणि मी वाकलो होतो.

मंगळवारी ऑफिसमध्ये त्यांनी मला रेकॉर्डिंग दाखवलं. त्यात आकडेवाला नव्हताच! भियांचं पात्र एकटं उभं आहे, मागे कुणी नाही, आणि मानेतून एकदम रक्त उडतं. बाजूला माझं पात्र वाकतंय... रिकाम्या जमिनीवर. "मीही पाहिला होता त्याला," भिया म्हणाले, "पोतं घातलेला." गेम खेळणाऱ्या ओळखीच्या लोकांना विचारलं, असा शत्रू कुणाला भेटलेला नव्हता. ग्राफिक्सची गडबड म्हणून आम्ही विषय सोडला.

गुरुवारी आम्ही सुट्टी घेतली होती. भियांच्या बहिणीचं लग्न जवळ आलं होतं, काकूंनी यादी देऊन आम्हाला सियागंजच्या किराणा बाजारात पाठवलं. दुपारचे बारा, गल्लीत ठेले, लोडिंग रिक्षा, पोती. मी दोन्ही हातांत पिशव्या धरलेल्या. भिया पुढे उभे राहून फोनवर काकूंशी बोलत होते, "आई, साधी सुपारी घेतलीय, चिकणीही हवी का? नीट सांग ना."

बाजूला एक रिक्षावाला आणि एक हमाल, हातठेला रिक्षाला लागला म्हणून, भांडत होते. "आँख फूट गई क्या तेरी?" "तू तमीज से बात कर!" रोजचंच. पण रिक्षावाल्यानं सीटखालून लोखंडी टॉमी, म्हणजे चाक खोलायचा दांडा, काढली आणि हमालाच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याचं तोंड रक्तानं भरलं, दोन दात रस्त्यावर. रिक्षावाल्यानं दुसरा घाव त्याच्या कानावर घातला. लोक पळायला लागले, कुणाचा तरी धक्का लागून माझी पिशवी फाटली आणि सुपारी गल्लीभर घरंगळली.

मी वाकलो. विचार केला नाही, सवयीनं वाकलो.

आणि दोन्ही कानांत, अगदी हेडफोनमधून यावा तसा आवाज आला— "संतोष, उठा मत! इधर आ!"

मान वर केली. दुकानातून दुसरा हमाल धावत आला होता. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात आकडा, मुठीला सुतळी. रिक्षावाला वाचण्यासाठी भियांच्या आड घुसला. भियांची पाठ इकडे, कानाला फोन. आकडा वर गेला होता.

सुपारी तिथेच टाकली आणि मी उडी मारली. डावा हात भियांच्या मानेमागे कसा गेला, मला माहीत नाही. आकडा माझ्या तळहातातून आरपार गेला. टोक हाताच्या मागून निघालं आणि भियांच्या कॉलरला अडकून थांबलं. त्या माणसानं झटक्यानं ओढला तेव्हा मला माझंच किंचाळणं दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. भियांच्या पांढऱ्या शर्टावर माझं रक्त. मग लोकांनी त्याला धरलं, पाडलं, लाथांनी तुडवलं. रिक्षावाल्यालाही सोडलं नाही. भिया माझा हात रुमालात आवळून ओरडत होते, "हटो! हटो सब!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. एकही नस तुटली नव्हती, एकही हाड मोडलं नव्हतं. "एवढ्या ताकदीचा वार, ओढलासुद्धा," ते म्हणाले, "हाताच्या चिंधड्या व्हायला हव्या होत्या. काही घातलं होतं का हातात?"

मी नाही म्हणालो.

नंतर भियांना विचारलं, तुम्ही मला हाक मारली होती ना? ते म्हणाले, "मी आईशी सुपारीचं बोलत होतो रे. मला तर कळलंही नाही मागे काय चाललंय." काकूही तेच सांगतात. फोनवर त्यांना सुपारीचं बोलणं ऐकू आलं, मग एकदम किंकाळी.

चार दिवसांनी भिया माझ्या खोलीवर आले. मी म्हटलं, एकदा गेम उघडून बघू. माझं पात्र जिवंत होतं, त्या रविवारनंतर मी त्याला हात लावला नव्हता. उजव्या हातानं पिशवी उघडली. हातमोजा होता तिथेच होता, पण आता त्याचं नाव लाल दिसत होतं. तुटलेला. टिकाऊपणा बारापैकी शून्य. हा गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल, वस्तू अंगावर घातली आणि त्यावर वार झाले तरच टिकाऊपणा कमी होतो. मी तो एकदाही घातलेला नव्हता.

आमच्या कामात एखादी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता आली नाही तर तसं लिहून ती बंद करतात. ही मला बंद करता येत नाही. रेकॉर्डिंग सांभाळून ठेवलंय, पन्नास वेळा पाहिलंय. कारण सापडलेलं नाही. हाताची खूण अजून थंडीत ठणकते. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सुपारी सोडलीस ना... बरं केलंस."

मोजा तुटलेला दिसला त्या दिवशी भिया स्क्रीनकडे बघत होते. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणतील— फेक ते भंगार, पिशवीत जागा अडवतंय.

ते उठले, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताला हलकेच हात लावला आणि म्हणाले, "सुन... ये वाला मत फेंकना."