तांब्या, ब्रेक आणि अर्धा नियम

चहा आधी कपात नीट ओतून घ्या. या किश्श्यात माझी अब्रू सांडणार आहे, निदान चहा तरी सांडायला नको!

माझी पूनम दहावीला होती तेव्हा विज्ञान तिला फार जड जायचं. मी गावच्या महादेवाला नवस बोलले: पोरगी विज्ञानात पास होऊ दे, श्रावणी सोमवारी वैनगंगेचं पाणी आणून अभिषेक करीन, तांब्या वाटेत कुठे टेकवणार नाही. पोरगी पास तर झालीच, वर अकरावीला सायन्स घेऊन बसली! आता नवस फेडणं आलं.

आमचं गाव साकोलीच्या अलीकडे. भंडाऱ्याहून एसटीने यायचं. भरलेला तांब्या, हायवे आणि आमचे ड्रायव्हरभाऊ! पाणी टिकणार कसं?

आदल्या दिवशी मी याच काळजीत स्वयंपाक करत होते. पूनम तिथेच बसून मोठ्याने वाचत होती, "चालती बस अचानक थांबली, की आतला माणूस पुढे झुकतो. हे जडत्व. आणि थांबलेली बस अचानक..."

कुकरने शिट्टी मारली. पुढचं काही ऐकू आलं नाही. पण मला काय, हवं ते मिळालं होतं! ब्रेक लागला की पाणी पुढे धावणार, म्हणून आपण तांब्या मागे कलता करायचा. देवानेच पोरीच्या तोंडून वाट दाखवली, दुसरं काय?

सोमवारी पूनमला घेऊन भंडाऱ्याला गेले, नवा पितळी तांब्या घेतला. दुकानदाराने आतून छोटी पितळी वाटी काढून दिली. "हे बी सांभाळून ठेवजा, काकू." मला वाटलं, श्रावणाची भेट! त्यातच हळदीकुंकू भरलं, रुमालात बांधून पिशवीत टाकलं, नदीवर पाणी घेतलं आणि बसमध्ये बसलो.

पहिला ब्रेक लागला. मी तांब्या मागे कलता केला. थेंब सांडला नाही! दुसरा ब्रेक. थेंब नाही!

"आई, हे काय करून राहिली?" पूनमने विचारलं.

"तुझं जडत्व सांभाळून राहिली."

मागच्या सीटवर एक काका होते. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी. पोरासाठी मुलगी पाहायला निघाले होते. कौतुकाने म्हणाले, "बाई, चांगली युक्ती हाय तुमची."

झालं! मला चेव चढला. तांब्या थेट खांद्याशी धरला.

पुढे म्हशी आडव्या आल्या. करकचून ब्रेक! मीही पाठीला बाक देऊन तांब्या पुरता मागे कलवला. बस थांबली. म्हशी निवांत गेल्या. मी मात्र तशीच, कोण जाणे आणखी ब्रेक लागला तर?

"आई, सरळ कर, आता बस सु..." पूनम ओरडली.

ड्रायव्हरभाऊंनी गाडी हिसक्याने सोडली आणि वैनगंगा खांद्यावरून मागे गेली.

"अवो बाई! अभिषेक महादेवाले घालाचा हाय का मले?"

काकांची टोपी, मिशा, सदरा सगळं पवित्र झालं होतं. मी मान खाली घालून पदर पुढे केला. टोपी पिळत तेच म्हणाले, "राहू द्या. पोरीवाले म्हणतील, आंघोळ करून आला. तुमच्या तांब्यात उरलं का काही?"

तळाला आचमनापुरतं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवस मोडला की काय?

"तुझ्या पुस्तकात हे काहून नाही?" मी पूनमवर घसरले.

"हाय ना! पुढच्याच ओळीत. बस सुरू झाली की सारं मागं जाते."

देवळात पुजारीबुवांना सगळं सांगितलं. ते हसले. "माय, महादेव भोळा हाय. त्याले थेंब बी पुरते." ते थेंब पिंडीवर पडले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग हळदीकुंकू वाहायला रुमाल सोडला. पूनमने वाटी उचलून फिरवून पाहिली. काठाला आतून आटे होते. तिने हळदीकुंकू माझ्या तळहातावर ओतलं, वाटी तांब्यावर उलटी ठेवली आणि दोन फेरे दिले.

झाकण घट्ट बसलं.

आता पेपरात जडत्वाचं उदाहरण विचारलं, तर पोरगी बसचं लिहिणारच नाही म्हणते. माझं लिहिणार आहे: बाहेरून धक्का बसेपर्यंत आईचं डोकं जागचं हललं नाही.