ट्यूबवाले आबा

आबांच्या सायकलीला धड ट्यूब कधी नसायची. होती तीही एक दिवस कात्रीखाली जायची. धरणगावच्या पंक्चरवाल्याकडून ते जुन्या ट्यूबा मागून आणत, त्यांच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापत आणि त्या आमच्या मांड्यांना आवळून बैठका मारायला लावत. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. पोलीस भरतीची स्वप्नं बघणारे आम्ही सात जण रोज पहाटे त्यांच्या मळ्यात जमायचो.

आबा कुठल्या तालमीत शिकले नव्हते. त्यांची सगळी विद्या लिंबाच्या बागेतली. लिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. पानं सुकून गळायला लागली की मग पाणी सोडायचं, झाड जिवाच्या भीतीनं फुलून येतं. "लिंबूले ताण दिधाशिवाय बहार येस का? मांडीले बी तसंच शे," असं म्हणत ते गाठ मारायचे. झाडाचं पाणी आणि माणसाचं रगत त्यांच्या लेखी एकच होतं.

खोटं कशाला बोलू, गुण येत होता. शंभर बैठकांनी जी मांडी पेटत नसे ती वीस बैठकांत पेटायची, आणि पट्टी सोडली की पाय जमिनीवर ठरत नसत. दोन महिन्यांत माझी मांडी पॅन्टमध्ये मावेना. आईनं कौतुकानं शिलाई उसवून दिली. माझे वडील लवकर गेले. भरती झालो तर घर वर येणार होतं, आणि आबांइतका जीव त्या दिवसांत मला कुणी लावला नाही. घरचे गूळ-शेंगदाणे ते आधी माझ्या ओंजळीत टाकत.

घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. पट्टी बांधली की ते बिडी पेटवत आणि ती संपली की 'सोडा' म्हणत. त्यांनी म्हटल्याशिवाय गाठीला हात लावायचा नाही, हा कायदा. जो आपल्या हातानं सोडेल तो भरतीच्या मैदानातही मध्येच बसेल, असं ते रोज बजावत.

भरतीला आठ दिवस राहिले होते. माझी उजवी मांडी कच्ची म्हणून आबांनी त्या दिवशी तिची गाठ जास्त आवळली. बिडी अर्धी झाली असेल नसेल, तोच विहिरीवरून कुणीतरी लाईट आल्याची हाक दिली. दोन दिवस लाईट नव्हती, आणि ताण दिलेल्या लिंबाला पहिलं पाणी नेमकं त्याच दिवशी द्यायचं होतं. मी येईपर्यंत सोडू नका म्हणून आबा धोतर सावरत विहिरीवरच्या मोटारीकडे पळाले.

त्यांची पाठ वळताच पोरांनी गाठी सोडल्या. शेजारचा वसंत म्हणाला, म्हातारा आता दुपारशिवाय येत नाही, तूही सोड. मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. सगळे घरी गेले, मी मळ्यातल्या कडुनिंबाखाली बसून राहिलो. आधी कळा सोसवेनात, मग काहीच कळेना. मला वाटलं, जमलं.

मोटारीनं पाणी ओढलं नाही म्हणून आबा तिथेच अडकले. दोन-अडीच तासांनी परतले ते मला पाहून धावतच जवळ आले. पट्टी कापली, पण उजवं पाऊल वर उचलेना. नस दबली, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी महिनाभर रोज येऊन तेल चोळलं. पाऊल उचललं नाही ते नाहीच.

वसंत भरती झाला. आता हवालदार होऊन निवृत्तही झाला. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झालो. उजव्या पायात आजही चप्पल टिकत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आबा अंथरुणाला खिळले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, माफी मागतील. खरं सांगतो, ती ऐकायलाच मी गेलो होतो. त्यांनी बराच वेळ माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू सोडी का नही दिधी?"

"आबा, तुम्हीच सांगितलं होतं."

"मी तं बठ्ठास्लेच सांगू, साती जणस्ले," ते म्हणाले. "कोन ऐके?"

त्यांच्या तेराव्याला सगळं गाव जेवून आलं. मी गेलो नाही.