शाळेसमोरची सिमेंटची पोरगी

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात नवी शाळा बांधली, तेव्हा पंचांनी ठरवलं की अंगणात एक पुतळा पाहिजे, पाटी घेऊन बसलेल्या मुलीचा. तो बघून तरी लोक पोरी शाळेत धाडतील. नागपूरहून मूर्तिकार आले. त्यांना समोर बसायला पोरगी हवी होती. गुरुजींनी मला बसवलं, कारण, आता काय सांगू, वर्गात न हलता बसणारी मीच एक.

सिमेंटात माझं नाक उमटायला लागलं तशी मला भारी गंमत वाटू लागली. वर्गात माझी एक मैत्रीण होती, जंगलाकडच्या गोंडांच्या गावची. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडं माणूस मेल्यावर त्याच्या नावानं दगड उभा करतेत. तुहा आताच काऊन करून राह्यले?"

मी घरी येऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. माझ्या पाठचा भाऊ तापानं गेला होता, त्याला वर्षही झालं नव्हतं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "उद्यापासून शाळेत जाचं नाई."

गुरुजी समजवायला आले. "बाई, तो पुतळा विद्येचा आहे."

"विद्येचा असन जी. मंग नाक काऊन माह्या पोरीचं?"

गुरुजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्या नाकाकडे.

बाजाराच्या दिवशी मैत्रिणीचे वडील गावात आले. बाबा त्यांना पुतळ्यापाशी घेऊन गेले; मी आणि आई मागं. त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "आमच्यात नाव घेतेत, जेवण देतेत, तवा तो दगड त्या माणसाचा होते," ते म्हणाले. "जितेपणी कोणी केलाच नाई भाऊ. याचं काय होते, मले माईत नाई."

एवढ्यावरून आईनंच तोड काढली. पुतळ्यासमोर माझं नाव कोणी घ्यायचं नाही आणि तिथं बसून कोणी जेवायचं नाही. हे पाळलं तर शाळा, नाही तर घर. गुरुजींनी सगळ्या पोरांना बजावलं. पोरं मला "ए नाकवाली" म्हणू लागली. मी जिवंत आहे एवढं मला कळत होतं, पण मग हे सगळं काय, ते कळत नव्हतं.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, ही तर तीच. बाळ, नाव काय तुझं?"

गुरुजी आपल्या चपलांकडे बघत होते. मी म्हटलं, "इथी नाई सांगत जी. बाहेर चला."

पाहुणे हार हातात घेऊन माझ्यामागं फाटकाबाहेर आले. रस्त्यावर उभं राहून मी नाव सांगितलं. "बरं, बरं," ते म्हणाले. त्यांना काय समजलं, देव जाणे.

तेवढ्यात आई बायकांतून उठून आली आणि तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, झालं, गेली शाळा.

"आत जाय आता," ती म्हणाली. "गुरुजी वाट पाहून राह्यले."